न खाल्लेला गूळ

घरात मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते आणि चारचौघांत ‘हे’ म्हणते. इथे मात्र मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. ज्यांना खटकेल त्यांनी खुशाल खटकून घ्यावं. इतकी वर्षं डूख धरून बसलेल्या बाईला कागदावर एवढी तरी मुभा असावी.

आमचं घर तेव्हा शहराच्या अगदी कडेला होतं, फुलंब्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला. आता आमच्या पुढे इतक्या वसाहती झाल्या आहेत की आम्ही शहराच्या पोटात आलो. सासरचे लोक मूळचे मेंढरंवाले. एका दुष्काळात चारा नाही, पाणी नाही, म्हणून सासऱ्यांनी कळप विकला आणि ते मुलामागून शहरात आले. मुलगा, म्हणजे माझा नवरा, प्लॉट विकण्याच्या धंद्यात पडला होता. ज्या माळावर बापाने मेंढरं चारली, त्याच माळावर हा चुन्याच्या रेघा मारून गिऱ्हाइकांना ‘इथं तुमचं किचन येतंय, बघा’ असं सांगत हिंडायचा. मी घरी ब्लाउज शिवायचे. तेव्हा औरंगाबादच म्हणत होतो आम्ही या शहराला.

मला झोप यायची. बसल्या बसल्या यायची, मशीनवर यायची, भाजी निवडताना यायची. सकाळी उठले की डोकं जड असायचं, तोंडाला कोरड पडलेली असायची आणि अंग असं दुखायचं की कुणी काठीने बडवून काढलं असावं. लोक म्हणायचे, अंगाने सुटली आहे ना, म्हणून झोपाळू झाली. मलाही तसंच वाटायचं.

पुढे आणखी एका दुष्काळात नळाला आठवडा आठवडा पाणी नसायचं. आलं की सगळी गल्ली पाइप, बादल्या, पिंपं घेऊन धावायची. अशाच एका दुपारी पाणी आलं. सासू तेवढ्यापुरती शेजारी गेली होती. मी पिंपात पाइप सोडला, पायरीवर टेकले आणि पाइप हातात धरूनच झोपले. पिंप भरलं, वाहू लागलं. पाइप पिंपातून निसटला आणि त्याची धार थेट रस्त्यावर लागली. दुष्काळात रस्त्यावरून ओहोळ वाहतोय आणि त्याच्या उगमापाशी मी तोंड उघडं टाकून घोरतेय, हे सगळ्या गल्लीने पाहिलं. सासूने येऊन मला हलवलं तेव्हा आजूबाजूला दहा-बारा बाया उभ्या होत्या. एकीने माझ्या पायाशी साचलेलं पाणी तांब्याने उपसून आपल्या बादलीत भरायला घेतलं होतं.

“मेंढरामागं चालता चालता डोळा लागायचा आमचा,” सासू सगळ्यांदेखत म्हणाली, “पण हातातली काठी नाय पडली कदी. आन ही बया बसल्या जागी गावचं पाणी घालवती.”

झोप हा त्या घरात बाईचा गुन्हाच होता. पुरुषाचं मात्र वेगळं. सासरे घोरायचे आणि त्याचा घरात केवढा अभिमान! मेंढरांच्या तळावर घोरणारा माणूस असला की लांडगा जवळ फिरकत नाही, असा त्यांच्या लोकांचा समज होता. सासऱ्यांच्या घोरण्यावर म्हणे अख्खा तळ बिनघोर झोपायचा. पुढे सासऱ्यांना शुगर झाली, पायाची बोटं काढावी लागली आणि एका दुपारी ते झोपेतच गेले, तेव्हाही सासू म्हणाली, पुण्यवान माणूस, घोरता घोरता गेला. नवऱ्याने बापाचं घोरणं जसंच्या तसं उचललं होतं आणि सासू कौतुकाने म्हणायची, “बापासारखंच घोरतंय माजं लेकरू.” मी घोरले की तीच म्हणायची, “बाईमाणसानं असं घोरावं का?” एकाच खोलीत आम्ही दोघं घोरायचो. एकाचं घोरणं घराण्याचं नाव राखायचं आणि दुसऱ्याचं ते बुडवायचं.

पाण्याच्या त्या प्रकारानंतर थोड्याच महिन्यांत मला शुगर निघाली. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं. मी चहातली साखर सोडली, भात कमी केला, सणाला पुरणाला हात लावला नाही. तरी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं की आकडा चढलेलाच. डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं, “रात्री काही खाता का?” नवरा शेजारी बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्या एका नजरेत माझा निकाल लागला.

घरी येऊन त्याने ते आईला सांगितलं. ‘डॉक्टरांनी विचारलं’ याचं वाटेत ‘डॉक्टर म्हणाले’ झालं होतं. मी रात्री सगळे झोपल्यावर गूळ चोरून खाते, असं ठरलं. त्या दिवसापासून सासूने गुळाची ढेप फडक्यात बांधून वर लोकरीच्या दोऱ्याची गाठ मारायला सुरुवात केली. ती गाठ तिच्या माहेरची, तिच्याशिवाय कुणाला न सुटणारी. स्वयंपाकात गूळ लागला की मी तिला हाक मारायचे, ती येऊन गाठ सोडायची, खडा काढून द्यायची आणि पुन्हा बांधायची. शुगर उतरली नाही. आता तरी त्यांना शंका यावी की नाही? आली ना, पण ती अशी की, ‘ही गाठ सोडायला शिकली.’

हे सगळं मी चार भिंतींत गिळलं असतं. पण त्याने ते माझ्या माहेरी नेलं.

आमच्याकडे दर तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचं, जोडीने पाटावर बसवायचं आणि पुरण भरलेले धोंडे वाढायचे. त्या दिवशी जावई नारायण आणि लेक लक्ष्मी. माझं माहेर पैठणच्या बाजूला, धरणाच्या काठच्या गावात. त्या वर्षी धरण इतकं आटलं होतं की काठावरून पाणी दिसतच नव्हतं, नुसती भेगाळलेली माती. गावात टँकर यायचा. तरी माझ्या म्हाताऱ्या आईने दोन दिवस आधीपासून पाणी राखून ठेवून डाळ शिजवली होती. वडील नव्हते. धाकटा भाऊ, भावजय, दोन चुलते-चुलत्या आणि शेजारपाजार एवढी मंडळी होती.

धोंड्याच्या पंगतीत थट्टामस्करी चालतेच. भावजयीने सुरुवात केली, “दाजी, आमच्या ताईचं तोंड उतरलंय की. खायला घालता का नाय?”

तो म्हणाला, “तुमच्या ताईला मी काय घालू? ती तिचं तिचं घेती. रातच्याला गूळ चोरून खाती. आमच्या आईला गुळाला गाठ मारावी लागती, विचारा तिलाच.”

हशा पिकला. त्याला चेव आला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या घोरण्याचं रेकॉर्डिंग लावलं. कधी केलं होतं कोण जाणे. ते खरखरत वर चढायचं, मग एकदम बंद पडायचं, मग गाडीने गचके खावेत तसा मोठा आवाज यायचा आणि पुन्हा सुरू. त्या गचक्याला तर लोक पोट धरून हसले. भावाने ‘मला पाठवा, दाजी’ म्हटलं आणि तिथल्या तिथे ते सगळ्या भावकीच्या ग्रुपवर गेलं.

मी मान खाली घालून बसले होते. माझ्या ताटात मानाचा म्हणून एकच धोंडा होता. तो मोडून तोंडाला लावायचा, एवढंच. तेवढ्यात आई वाकली, तिने तो धोंडा माझ्या ताटातून उचलला आणि परातीत परत टाकला. ती रागाने बोलली नाही. हळू आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“मी तुला असं शिकवलं नव्हतं, बाई.”

माझ्या आईने दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी करून आम्हाला वाढवलं होतं. लोकांच्या बांधावरची बोरंसुद्धा विचारल्याशिवाय उचलू दिली नव्हती. तिच्या दृष्टीने चोरीहून खालचं काही नव्हतं. आणि तिची लेक चोर आहे, असं तिला तिच्याच घरात, तिच्याच पंगतीत सांगितलं गेलं होतं.

जेवणं झाल्यावर मी तिला चुलीपाशी गाठलं. म्हटलं, “आई, मी नाही खाल्ला गूळ. तुझी शपथ.”

ती भांड्यांवर राख टाकत म्हणाली, “मग जावईबापू खोटं बोलत्यात व्हय? धोंड्याच्या पाटावर बसून?”

 पाटावर बसलेला नारायण खोटं बोलत नाही, हे तिनेच मला लहानपणी सांगितलं होतं. त्या दिवशी परतीच्या प्रवासात तो गाडी चालवत गाणी म्हणत होता आणि मी खिडकीतून आटलेलं धरण बघत मनाशी ठरवलं की याचा वचपा काढायचा. माझ्या आईला हा स्वतःच्या तोंडाने सांगेल की मी चोर नाही. मला दुसरं काही नको होतं.

त्यानंतर काही दिवसांनी मी एकटी उठून शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या फक्त शुगरचे पेशंट बघायच्या. त्यांनी गोळ्या पाहिल्या, आकडे पाहिले आणि अगदी निराळाच प्रश्न विचारला.

“झोप कशी लागते?”

म्हटलं, “झोपेपायीच तर बोलणी खातेय मी.”

“घोरता?”

माझे कान तापले. वाटलं, सासूने इथेही आधी येऊन सांगून ठेवलं की काय! मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “जवळ झोपणाऱ्या माणसाला विचारावं लागेल, घोरता घोरता श्वास थांबतो का ते. मिस्टर आलेत?” मिस्टर कसले येतात! मिस्टर माळावर चुना मारत होते. मग मला ग्रुपवरच्या त्या रेकॉर्डिंगची आठवण झाली. मी लाजत लाजत ते लावून दिलं.

त्या हसल्या नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिल्या. आवाज बंद पडला तसं त्यांनी बोट वर केलं आणि ते बोट वरच राहिलं. तो गचका येईपर्यंत मीसुद्धा श्वास रोखून बसले होते. “इथे तुमचा श्वास बंद आहे,” त्या म्हणाल्या. ज्या जागी माझं सगळं माहेर हसलं होतं, तिथे मी गुदमरत होते.

मग एक छोटं यंत्र बोटाला, नाकाला आणि छातीला लावून घरी झोपायला दिलं. त्याच्या तपासणीत निघालं की रात्रभरात माझा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. डॉक्टरीणबाईंनी मला साध्या भाषेत समजावलं. झोपेत घशाची वाट मिटते, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो. शरीराला वाटतं, जीव चालला. मग संकटात सापडल्यावर पळायला ताकद लागते म्हणून शरीर आपल्याच साठ्यातली साखर रक्तात सोडतं. आणि हे रोज होत राहिलं की शरीरातलं इन्सुलिनसुद्धा नीट काम करेनासं होतं. “तुम्ही झोपलेल्या असता,” त्या म्हणाल्या, “पण तुमचं शरीर रात्रभर पळत असतं.” एकट्या घोरण्याने शुगर होते असं नाही, वजन असतं, घराणं असतं, प्रत्येक घोरणाऱ्याला ती होतेच असंही नाही, पण ही दोन दुखणी एकमेकांना धरून चालतात आणि एकमेकांना वाढवतात, हेही त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, “म्हणजे सकाळची ती साखर मी खाल्लेली नव्हती?”

“नाही हो. ती तुमच्याच शरीराने तुम्हाला वाढलेली होती.”

मी त्यांच्यासमोर रडले. बरं वाटेल की नाही, किती वर्षं गोळ्या, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की आता आईला सांगता येईल.

रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं मशीन घरी आलं. हवेच्या दाबाने ते घशाची वाट उघडी ठेवतं. घरात त्याचं नाव ‘सोंड’ पडलं. सासू म्हणाली, “आता गणपतीच बसला आमच्या घरात.” मी कानाडोळा केला आणि रोज सोंड लावून झोपले. सकाळी चालायला लागले. हळूहळू डोकं हलकं झालं, मशीनवरच्या डुलक्या गेल्या, आणि काही महिन्यांत उपाशीपोटीचा आकडाही खाली आला. गोळ्या सुटल्या नाहीत, पण कमी झाल्या. सासूची गुळाची गाठ तशीच होती. शुगर का उतरली, तर म्हणे माझी चोरी सुटली. काय बोलणार!

माझी झोप नीट झाली तशी मला एक नवीन गोष्ट कळली. पहाटे मला आपोआप जाग यायची आणि शेजारी तो घोरत असायचा. तसाच, खरखरत वर चढणारा, मध्येच बंद पडणारा, मग गचका खाणारा. बापाचं घोरणं. सासऱ्यांची शुगर, त्यांची ती कापलेली बोटं, ते झोपेत जाणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरकलं. पुण्यवान मरणाचा खरा अर्थ मला कळला होता. सासूला तो मी आजवर सांगितलेला नाही. ते हत्यार मी राखून ठेवलं आहे. नवऱ्याला मात्र दुसऱ्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं की तुम्हीही तपासून घ्या.

तो म्हणाला, “मर्दाचं घोरनं हाये ते. तुजी सोंड तुज्यापाशी ठेव.”

ठेवली. एकदा सांगायचं माझं काम होतं, ते मी केलं. त्यानंतर मिठाची गुळणी धरली.

आईला मी सगळं समजावून सांगितलं. फोनवर सांगितलं, समोर बसून सांगितलं. ती ‘व्हय, व्हय’ करायची, पण मी माहेरी गेले की गुळाचा डबा फळीवरून उतरून कुठेतरी आत गेलेला असायचा. तिला माझा राग नव्हता. तिला माझी लाज वाटत होती, आणि ते मला सहन होत नव्हतं. तिला माझ्या तोंडून नको होतं, जावयाच्या तोंडून हवं होतं. मी नवऱ्याला विनवलं, “एवढं एक वाक्य बोला. मी चेष्टा केली होती, असं म्हणा, बास.” तो म्हणायचा, “हसण्यावारी गेलेली गोष्ट. कशाला उकरती?” हसला होता तो. आईने माझ्या ताटातला घास काढून घेतला होता, त्याचं त्याच्या लेखी काहीच नव्हतं.

धोंड्याच्या त्या जेवणानंतर दीड वर्षाने, थंडीत आईचं हृदय थकलं. तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईला नातू झाला म्हणून तिच्या लेकाने पेढे वाटले. आईने पेढे घेतले. एक भावाला दिला, एक माझ्या नवऱ्याला दिला. माझ्यापाशी हात आला आणि थांबला.

“तुला नको, बाई,” ती म्हणाली. “जावईबापू बघत्यात.”

मी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी, हातांनी, जे काही माझ्याकडे होतं त्या सगळ्यानिशी विनवलं की आता तरी बोल. तो समोरच उभा होता, तोंडात पेढा घेऊन. त्याला सगळं कळलं होतं. मग त्याचा फोन वाजला. कुणाला तरी प्लॉट बघायचा होता. तो बोलत बोलत बाहेर गेला. मी मागे धावले तर म्हणाला, “आजारी मानसापुढं कुठला विषय काढती? थोडी तरी अक्कल वापर.”

तीन दिवसांनी आई गेली. लेकीला चोर समजूनच गेली.

रडून झाल्यावर माझ्यात जे उरलं, त्याला राग म्हणणं कमी पडेल. मी त्याचं जेवण वेळेवर वाढत होते, कपडे धूत होते, आल्यागेल्याचं करत होते. आतून मी वाट बघत होते. कशाची, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. मग त्यानेच ते माझ्या हातात आणून दिलं.

माझ्या गोळ्यांचं पाकीट महिना भरायच्या आधीच संपू लागलं. आधी वाटलं, दुकानदाराने एखादी पट्टी कमी दिली असेल. मग लक्ष ठेवलं. तो हल्ली सारखं पाणी प्यायचा, गाडीत बसल्या बसल्या पेंगायचा, पायाला बुटाने पडलेली जखम भरत नव्हती. एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि खिडकीतून मला दिसलं. त्याने माझ्या डब्यातून गोळी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि कोरडीच गिळली. कुठल्याशा लॅबमध्ये गुपचूप रक्त तपासून आला होता. डॉक्टरकडे जायचं तर चारचौघांना कळलं असतं. म्हणून बायकोच्या गोळ्या. तसल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत हे मला ठाऊक होतं. पण मी बोलले नाही. माझ्या अंगातून जे सळसळत गेलं तो आनंद होता, आणि मी तो लपवणार नाही. मला चोर म्हणणारा माणूस माझ्या डब्यात हात घालत होता.

आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर काही महिन्यांनी अधिक महिना लागला. पुन्हा पाण्याची बोंब सुरू झाली होती. भावाचा फोन आला. आई नाही, तरी धोंड्याला यायचंच. नवरा चुळबुळ करू लागला. म्हणे, काम लई आहे. मी म्हटलं, “आई गेल्यावरचं भावाच्या घरचं पहिलं धोंड्याचं जेवण. तुम्ही टाळलंत तर लोक काय म्हणतील?” लोक काय म्हणतील, यापुढे त्याचं कधी काही चाललेलं नाही.

तोच ओटा, तेच पाट, तीच माणसं. भावजयीने धोंडे वाढले, वर तुपाची धार सोडली. त्याने पहिला खाल्ला. दुसरा रेटला. तिसऱ्याला त्याने ताटावर आडवा हात धरला.

मी शेजारच्या पाटावरून भावजयीला म्हटलं, “अगं, वाढ की ह्यांना. लाजतात ते. धोंड्याला जावयाने नको म्हणायचं नसतं.”

“नको, खरंच नको.”

“का, दाजी? आमच्या हातचं गोड लागंना व्हय?” भावजयीने हात बाजूला करून तिसरा वाढला आणि चौथा उचलला. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात मी त्याच्याकडे पाहिलं होतं, अगदी तसं. मी तुपाचं भांडं भावजयीच्या हाताशी सरकवलं.

“मला शुगर हाये,” तो शेवटी ताटाकडे बघत म्हणाला.

 मग भावजय, तिच्या मनात काहीच नव्हतं बिचारीच्या, धोंड्याच्या थट्टेच्या सुरातच म्हणाली, “अगंबाई! म्हंजी दाजी बी गूळ चोरून खात्यात का काय?”

सगळे हसले. चुलते हसले, शेजारणी हसल्या. माझा भाऊ तर मांडीवर थाप मारून हसला. मी हसले नाही. मी त्याचा चेहरा बघत होते आणि तो लाल होत होता.

“चोरून खाऊन नाय होत ती!” तो एकदम ओरडला. “झोपेत श्वास अडकतो मानसाचा. त्यानं बी साखर चढती. डॉक्टर सांगत्यात तसं. कुनी काय खाल्लेलं नसतं!”

म्हणजे मी सांगितलेलं त्याने सगळं ऐकलं होतं. शब्द न शब्द ऐकला होता आणि तीन वर्षं पोटात ठेवला होता.

हसू थांबलं. भाऊ सावकाश म्हणाला, “मग दाजी, आमची ताई?”

त्याने ताट पुढे सरकवलं.

“ताईनं खाल्लता का गूळ?”

“नाय,” तो म्हणाला. आवाज बसला होता. “तिनं कदीच नव्हता खाल्ला. मी आपलं... हसायचं म्हनून बोल्लो.”

इथे थांबायला हवं होतं, असं पुढे भावजय मला म्हणाली. मी थांबले नाही. मी म्हटलं, “आणि माझ्या डब्यातल्या गोळ्या कोण खातं, तेही सांगा. पाटावर बसलायत तुम्ही.” ते त्याने सांगितलं नाही, पण मान इतकी खाली गेली की न सांगता सगळ्यांना कळलं. एका चुलतीने तोंडाला पदर लावला.

याच क्षणासाठी मी तीन वर्षं घोटभर घोटभर विष गिळलं होतं. मनात शंभरदा हा प्रसंग रंगवला होता, आणि दरवेळी मी यानंतर मान वर करून एका माणसाकडे बघायचे. त्या दिवशीही सवयीने बघितलं. स्वयंपाकघराच्या दाराशी भावजयीने ठेवलेली रिकामी परात होती. तिथे कुणी उभं नव्हतं. ज्या कानांसाठी हे सगळं होतं, ते कान सोडून सगळ्या गावाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. लोकांना वाटलं, बाई मनाने मोठी. मी मोठीबिठी नाही. तो बापासारखा झोपेत सुटून जावा, हे मला मान्य नव्हतं. मला तो जिवंत हवा आहे, खडखडीत हवा आहे. दवाखान्यातल्या त्या खाटेपाशी आपण का बोललो नाही, हे रोज उठून त्याने आठवावं, आणि त्यासाठी त्याचं डोकं ताळ्यावर हवं. त्याची तपासणी झाली, त्यालाही मशीन लागलं. आता एका खोलीत दोन सोंडा आहेत आणि दोघांच्या गोळ्यांचे डबे वेगळे आहेत. त्याची जखम भरली. सकाळचा आकडाही उतरतोय.

तो आता मवाळ झाला आहे. झोपण्याआधी मास्कचा पट्टा त्याला नीट लावता येत नाही, तो मीच ओढून देते. पट्टा ओढताना तो कधी कधी लहान मुलासारखा विचारतो, “आता तरी गेला का गं तुजा राग?”

मी पट्टा घट्ट करते आणि म्हणते, “आईला विचारून सांगते.”